चूक माइकवर

सरपंचांच्या बायकोला कॉम्प्युटरने पुरुष ठरवलं, तेव्हा मी मोठ्यांदा हसले. शेजारच्या खुर्चीतला गोंदियाचा मुलगाही माझ्या स्क्रीनकडे वाकून बघत हसला. इनामदार मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"किती जणांचं असं झालंय गं?"

"हिचं एकटीचंच आहे मॅडम. काहीतरी किरकोळ गडबड असेल."

"हिचं एकटीचंच हाय हे तू बघितलंस, का तुला वाटलं?"

मी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं.

नागपूरच्या आमच्या संस्थेत ती पाच दिवसांची कार्यशाळा होती. सकाळी बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे रक्तातून मशीनने वाचून काढलेल्या अक्षरांच्या ढिगाऱ्याचा कॉम्प्युटरवर अर्थ लावायचा. दुपारी संवादकौशल्य, म्हणजे तो अर्थ माणसांना कळेल असा सांगायचा. दोन्ही शिकवायला डॉ. फरीदा इनामदार कोल्हापूरहून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घालून दिला होता. "ढिगाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक हाय. तिथंच तो खोटं बोलला, तर पुढं खरं बोलंल कशावरनं?" त्यांनी सगळ्यांना आपापल्या प्रकल्पाची माहिती घेऊन बसायला सांगितलं होतं. मी आमच्या प्रकल्पातल्या कोसमटोला गावच्या शहाण्णव जणांची घेऊन बसले होते. ठाऊक असलेलं उत्तर सोपं होतं: कोण बाई, कोण बाप्या. ते रक्तातूनही कळतं आणि नावावरूनही.

मी दोन्ही रकाने शेजारी ठेवून मोजले. तेवीस बायका पुरुष निघाल्या होत्या आणि तेवीस पुरुष बायका.

आता गोंदियाचा मुलगाही हसेना. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

"तेवीस आणि तेवीस. यातनं काय दिसतंय?"

"काही हरवलेलं नाही," मी म्हणाले. "नुसती अदलाबदल झाली आहे."

"कुणाची कुणाशी, ते काढ. आणि करुणा, ह्या माणसांना तुम्ही अजून काही सांगितलं नाही ना?"

उत्तर होतं कोसमटोल्यातल्या घराघरांत, देवाच्या फोटोमागे नाहीतर पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवलेलं.

चार महिन्यांपूर्वी आम्ही तिथे शिबिर घेतलं होतं. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या संशोधनासाठी रक्त घेतलं होतं आणि महिन्याभराने कार्डं वाटायला गेलो होतो. पांढरं कार्ड म्हणजे रक्तात दोष नाही. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण दोष अर्धा अंगात आहे आणि तो मुलांत उतरू शकतो. दोघं पिवळे नवरा-बायको झाले, तर मूल जन्मभर दुखणाईत निघू शकतं. हे समजावून सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी झकास केलं होतं. मी ओच्यातून चिंचोके काढले होते, काही दगडावर घासून पांढरे केलेले, काही तसेच काळे. "प्रत्येकाकडे दोन चिंचोके असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून." म्हातारीकोतारी माणसंसुद्धा माना डोलवत होती. एवढ्या दिवसांत कुणी आम्हाला असं समजावलं नाही जी, असं चार जणी येऊन म्हणाल्या आणि मी फुगून टुम्म झाले.

कार्डवाटपाला मांडव घातला होता, कारण आमचे प्रमुख, डॉ. खानझोडे सर, यांना निधी देणाऱ्यांकडे पाठवायला फोटो हवे होते. माइक होता. सर एकेकाचं नाव पुकारत, कार्ड वर करून दाखवत आणि हातात देत. पांढरं निघालं की गाव टाळ्या वाजवायचं. पिवळं निघालं की कुणी वाजवायचं नाही. माणसाच्या रक्तातली गोष्ट अशी चव्हाट्यावर पुकारायची नसते, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा चार शिकलेल्यांपैकी एकालाही सुचलं नाही. मीसुद्धा त्यांतलीच, म्हणून हे आजही लिहिताना माझं डोकं तापतं.

रोशनी आत्रामचं पिवळं निघालं. वीस वर्षांची पोरगी, अंगणवाडीताई जाईबाईंची मुलगी, हसतच पुढे आली होती. टाळी वाजली नाही तेव्हा तिने आधी आईकडे बघितलं आणि मग कार्डाकडे. शेजारच्या गावच्या नैतामांच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, आणि त्याच्याकडे दुसऱ्या शिबिरातलं पिवळं कार्ड आधीच होतं. आठ दिवसांत नैतामांनी लग्न मोडलं. पुढे तिला बघायला आलेले दोघं दारातूनच परतले. हे मला कळलं, तेव्हा मी काय केलं असेल? प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं, "प्रभावी समुपदेशनामुळे एक धोक्याचा विवाह टळला." त्या वाक्याबद्दल सरांनी माझी पाठ थोपटली होती.

मी संगणक कक्षातून उठले ती थेट तळमजल्यावर रामटेके काकांकडे गेले. काका आमचे लॅब टेक्निशियन, वीस वर्षांची नोकरी. नमुने प्लेटमध्ये भरायचं काम त्यांचं. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची तबकडी, तिच्यात शहाण्णव खळगे, आडवे बारा आणि उभे आठ. एका खळग्यात एका माणसाचा थेंब.

"काका, कोसमटोल्याची प्लेट तुम्ही कशी भरली होती?"

"कशी म्हंजे? जशी भरतो तशी. उभी." त्यांनी वही काढून पुढे केली. पानावर तारीख होती, चौकट होती आणि डाव्या बाजूला वरून खाली काढलेला एक ठसठशीत बाण. "आठ तोंडांची पिपेट हाय आपली, येका दमात आठ थेंब सोडते. ते आडवी चालनार हाय का? एक रांग खाली उतरवायची, मंग दुसरी. काऊन, काय झालं?"

मी त्या बाणाकडे बघत राहिले. नावांची यादी काकांनी केलीच नव्हती. यादी मी केली होती. आपण वही वाचतो तशी, डावीकडून उजवीकडे, आडवी. बारा नावं झाली की खालची ओळ. माझी यादी आडवी आणि काकांची प्लेट उभी. मी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांना यादी कुणी दाखवली नव्हती.

"रिकामा खळगा नव्हता का ठेवला?" मी विचारलं. नियमाने दोन-चार खळगे पडताळणीसाठी राखायचे असतात. एक जरी कोरा ठेवला असता, तर तो भलत्या जागी निघून पहिल्याच दिवशी आमचं पितळ उघडं पडलं असतं.

"मी तं म्हनलो होतो सरांले. ते म्हने, शहाण्णव म्हंजे शहाण्णव, आकडा भरगच्च दिसला पाहिजे. तुमचं काम भरायचं हाय, भरा." काकांनी वही मिटली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा उघडली. "पोरी, कार्डं चुकली का?"

मी यादी उभी करून पुन्हा ताडून बघितली. एक बाई चुकली नाही, एक पुरुष चुकला नाही. शहाण्णवच्या शहाण्णव जुळले. आडव्या आणि उभ्या मोजणीत फक्त दोन खळगे एकाच जागी येतात, पहिला आणि शेवटचा. पहिला नमुना सरपंचांचा होता, कारण रक्त देताना फोटोसाठी ते सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले होते. शेवटचा जाईबाईंचा होता, कारण गावाला रांगेत लावता लावता त्या स्वतः मागे राहिल्या होत्या. मधल्या चौऱ्याण्णव जणांच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या रक्तावरून लिहिलेलं कार्ड होतं.

तिसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि "बघतो" म्हणाले. मला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी समारोपाच्या भाषणाची तालीम होती. प्रत्येकाने तीन मिनिटांत आपलं काम सांगायचं, ते ज्यांच्या रक्तावर केलं त्यांना कळेल अशा भाषेत. मी चार स्लाइड केल्या होत्या. तिसरीवर प्लेटचं चित्र होतं आणि दोन बाण, एक आडवा, एक उभा.

"ही स्लाइड काढ," सर म्हणाले.

त्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, त्यांना चित्र आवडलं नाही.

"चित्र बदलू का सर?"

"चित्र नको आणि विषय पण नको. उद्या समारोपाला कोसमटोल्याचे सरपंच येणार आहेत, त्या अंगणवाडीवाल्या बाई येणार आहेत. त्यांचा सत्कार आहे. त्यांच्यासमोर तू हे दाखवणार?"

"सर, त्यांच्यासमोरच दाखवायला हवं. कार्डं त्यांचीच आहेत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मला शिकवायच्या सुरात बोलत होते. "करुणा, छापायला पाठवलेल्या पेपरात आपण काय लिहिलंय? शहाण्णवपैकी सतरा वाहक. तुझ्या नव्या मोजणीत किती येतात?"

"सतराच. पण माणसं वेगळी आहेत. आपण ज्यांना पिवळं दिलं त्या सतरांपैकी फक्त तिघं—"

"पेपरात माणसांची नावं असतात का?"

"नाही सर."

"मग पेपरात चूक काय आहे?"

ज्या टक्केवारीला धक्का लागला नाही, तिच्या आत एक पोरगी तीन महिने घराबाहेर पडत नव्हती. सर समजूत घालत राहिले. पुढच्या टप्प्यात कार्डं बदलून देऊ. शिपायाला पाठवू, तो घरोघरी जाऊन जुनं घेईल, नवं देईल, 'नूतनीकरण' म्हणायचं. फारच चर्चा झाली, तर रामटेकेंना एक मेमो देऊ.

"काकांना का सर? यादी मी केली होती. त्यांनी बाण काढून ठेवलाय वहीत."

"टेक्निशियनची चूक लोक समजून घेतात. संस्थेची घेत नाहीत." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "संवादकौशल्य शिकते आहेस ना? काय सांगायचं नाही हे कळणं, हा त्यातला पहिला धडा. स्लाइड काढ. आणि ते चिंचोके घेऊन ये, ते छान जमतं तुला."

मी बाहेर आले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सरांवर तर होतीच. त्याहून जास्त त्या शेवटच्या वाक्यावर होती, कारण ते खरं होतं. चिंचोके मला छान जमत होते. मी जर वाईट समजावलं असतं, अडखळले असते, इंग्रजी शब्द फेकले असते, तर गावाने कार्डं पेटीत टाकून दिली असती आणि रोशनीचं लग्न लागलं असतं. माझं बोलणं पटलं, म्हणून ते मोडलं.

मॅडम जिन्यात भेटल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तू काय करणार?"

"सरांनी स्लाइड काढायला सांगितली आहे."

"ते मी ऐकलं. तू काय करणार, ते विचारतेय." मग त्याच म्हणाल्या, "हे बघ, नोकरी तुझी जाणार हाय, माझी न्हवं. म्हणून मी तुला काही सांगायची नाही. उद्या घड्याळ माझ्या हातात असंल, एवढंच सांगते. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. मध्ये कुणाला तोडू द्यायची नाही."

समारोपाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सरपंच होते आणि त्यांच्या शेजारी जाईबाई, शाल आणि नारळ मांडीवर घेऊन. त्यांचा सत्कार आधीच उरकला होता. सगळ्यांत मागे, दाराशी, रामटेके काका उभे होते.

मी स्लाइड काढून टाकली होती. तेवढं मी सरांचं ऐकलं. चारही काढून टाकल्या होत्या. पडदा पांढरा होता. मी पर्समधून एक रिकामी प्लेट काढली आणि व्यासपीठावरून खाली उतरून जाईबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"जाईताई, तुमच्या अंगणवाडीत पोरांना खाऊ वाटताना पहिलं पोर कुठलं धरता?"

जाईबाई दचकल्या. "दाराजवळचं."

"आणि मग? त्याच्या शेजारचं की त्याच्या मागचं?"

"शेजारचं. येक ओळ सरली का मंग दुसरी."

"समजा खाऊ वाटणारी दुसरीच कुणी आली आणि तिने शेजारचं सोडून मागचं पोर धरलं. आणि तुमच्या हातातल्या यादीत नावं शेजारच्या पोरांची आहेत. मग काय होईल?"

"गफलत होईल. येकाचा खाऊ दुसऱ्याच्या नावावर जाईल." त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या.

मी प्लेट त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्या गावाची प्लेट. या शहाण्णव खळग्यांत तुम्हा सगळ्यांचं रक्त होतं. भरणाऱ्याने उभं भरलं, वहीत बाण काढून भरलं, बरोबर भरलं. यादी मी केली. आडवी केली. भरणाऱ्याला विचारलं नाही. तुमच्या गावातली चौऱ्याण्णव कार्डं चुकीच्या रक्तावरून लिहिलेली आहेत, जाईताई. सरपंचांचं तेवढं बरोबर आहे आणि तुमचं."

सभागृहात कुणीतरी खोकलं. खानझोडे सर उठून उभे राहिले. "थॅंक यू, करुणा. वेळ झाली आहे."

"एक मिनिट दहा सेकंद हाईत अजून," इनामदार मॅडम घड्याळातून मान वर न काढता म्हणाल्या. "बसून घ्या सर."

जाईबाईंनी प्लेट उलटसुलट करून बघितली. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हंजे आमच्या रोशनीचं कार्ड...?"

"ते दुसऱ्या कुणाचं आहे."

"म्हंजे तिचं पांढरं हाय?"

सगळं सभागृह माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला ठाऊक होतं. यादी उभी केल्यावर सगळ्यांत आधी तेच नाव मी शोधलं होतं. चुकीच्या खळग्यातून आलेलं कार्डसुद्धा योगायोगाने बरोबर निघू शकतं, आणि नाहीही निघू शकत. मी तोंड उघडलं आणि मला तो मांडव आठवला, टाळ्या आठवल्या, न वाजलेली टाळी आठवली.

"इथे नाही सांगणार, ताई. तिला सांगेन. पुन्हा तपासून."

सर आता पुढे आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर समारोपाचं हसू अजून तसंच होतं. "बाई, काही काळजी करू नका. तांत्रिक बाब आहे. आमचा शिपाई येईल, घरोघरी कार्डं बदलून देईल. कुणाला काही त्रास होणार नाही."

जाईबाई उठल्या. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि नारळ शालीवर ठेवला.

"साहेब, आमाले कार्डं देली तवा चपराशाच्या हातानं नोती देली," त्या म्हणाल्या. "मांडव होता. माइक होता. तुमी सोता आमच्या पोट्टीचं नाव घेऊन, हात वर करून सांगतलं होतं का हिचं पिवळं हाय म्हनून. अख्ख्या गावानं आयकलं. सोयऱ्यानं आयकलं. मंग आता चुकलं म्हनाची बारी आली तं चपराशी काऊन येते जी? माइक बिघडला का तुमचा?"

एवढ्या मोठ्या सभागृहात त्यांना माइक लागला नाही.

सरपंच आतापर्यंत आपलं कार्ड बरोबर आहे एवढ्यावर खूश होते. आता तेही चुळबुळले. "माझ्या घरवालीचं बी चुकलं का?" त्यांनी मला विचारलं. मी होय म्हणाले. मग मात्र त्यांनी सत्काराचा हार काढून हातात घेतला. "येत्या रविवारी मांडव मी टाकतो," ते सरांना म्हणाले. "तुमी या."

रविवारी सर आले नाहीत. त्यांना दिल्लीला जावं लागलं, असं ऑफिसातून कळलं. इनामदार मॅडमची शनिवारची गाडी होती, ती त्यांनी सोमवारवर ढकलली. रामटेके काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि येताना आपली वही घेऊन आले. मी सांगितलं नव्हतं, तरी आणली.

येताना जीपमध्ये आम्ही तिघांनी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना माझ्या लक्षात आलं, की गेल्या वेळी आम्ही नेमकं उलट केलं होतं. चूक सांगायची ती माइकवर. रिपोर्ट सांगायचा तो कानात. अंगणवाडीच्या खोलीत जाईबाईंनी दोरी बांधून लुगडं टांगलं. पडद्याआड काका परीक्षानळ्या मांडून बसले. साधी तपासणी, बोटाचा एक थेंब औषधाच्या पाण्यात टाकायचा आणि नळी धरायची छापील ओळींच्या कागदासमोर. ओळी वाचता आल्या तर दोष नाही. पाणी गढूळ होऊन ओळी पुसल्या गेल्या, तर आहे. कोसमटोल्यात हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. आम्हाला मोठ्या मशीनची हौस होती.

मांडवात मी माइक हातात घेतला. "माझं नाव करुणा डोंगरवार. मागच्या वेळी तुम्हाला चिंचोके दाखवले, ती मीच. चिंचोक्यांचं मी खरं सांगितलं होतं. कुणाच्या वाट्याला कुठला आला, ते खोटं सांगितलं. यादी मी चुकवली. आणि तुमच्या रक्तातली गोष्ट आम्ही या माइकवर गावाला ऐकवली, ते तर यादी बरोबर असती तरी चुकीचंच होतं."

"आता मंग काय करायचं?" मागून एक म्हातारा ओरडला. "येक घडी हे म्हंता, येक घडी ते म्हंता! आमच्या नातवाले तुमी पिवळं देलं, त्याचं काय?"

"शिव्या द्या," मी म्हणाले. "मग आत येऊन बोट टोचून घ्या."

त्यांनी दोन्ही केलं. पुढचा अर्धा तास मी माइकजवळ उभी राहून ऐकून घेतलं, आणि त्यातलं काहीही मला लागू नाही असं नव्हतं. मग मी चौऱ्याण्णव नावं वाचली. प्रत्येक नावानंतर तेच वाक्य म्हटलं, "यांचं कार्ड आम्ही चुकवलं." पांढरं की पिवळं, काही नाही. माणसं एकेक करून कार्ड माझ्यासमोरच्या टोपलीत टाकत आणि पडद्याआड जात. बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे गाव टक लावून बघत होतं. सवयच लावली होती आम्ही.

रोशनी सगळ्यांत शेवटी आली. तीन महिन्यांत वाळली होती. तिने कार्ड टोपलीत टाकलं नाही, माझ्या हातात दिलं.

"तुमी लिहिलं होतं ना हे? अक्षर तुमचंच हाय ना?"

"हो."

"मंग तुमीच फाडा."

मी फाडलं. ती आत गेली. मीही मागोमाग गेले, कारण सांगायचं काम माझं होतं. काकांनी थेंब टाकला, नळी हलवली, ओळींसमोर धरली. आम्ही तिघांनी बघितलं. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, आणि उभ्या यादीतही तेच आहे हेही सांगितलं. तिने एकदा डोळे मिटले. मग ओढणी नीट केली आणि लुगडं बाजूला सारून बाहेर गेली.

बाहेर नैतामबाई उभ्या होत्या, ज्यांनी लग्न मोडलं होतं त्या. खास शेजारच्या गावाहून आल्या होत्या. त्यांच्या हातात पिशवी होती आणि चेहऱ्यावर गोडवा.

"काय निंगालं गे बाई?" त्यांनी रोशनीचा दंड धरून विचारलं. जाईबाई हातातली टोपली खाली ठेवायची विसरल्या.

रोशनीने दंड सोडवून घेतला. घाई न करता, एकेक बोट बाजूला करत.

"माह्यं रगत हाय," ती म्हणाली. "तुमाले काऊन सांगू?"

आणि ती मांडवाच्या मधोमध चालत घराकडे निघून गेली. कुणीतरी टाळी वाजवली. मी वळून बघितलं, तर लुगड्याच्या फटीतून रामटेके काका.

याला आता चौदा वर्षं झाली. सरांनी माझी मुदत वाढवली नाही. पेपर छापून आला, शहाण्णवपैकी सतरा, आणि त्यात माझं नाव नाही. मी आता स्वतः अशा कार्यशाळा घेते. काकांच्या वहीतल्या त्या पानाची प्रत पहिल्या दिवशी भिंतीवर लावते आणि कोसमटोल्याची गोष्ट सांगते. गोष्ट संपली की दर वेळी कुणीतरी हात वर करून विचारतंच, "पण मॅडम, त्या मुलीचं काय निघालं?"

मी त्यांना पुढचा धडा उघडायला सांगते.